निघाले होते वाघ पाहायला

माझ्या सुनेचं एक ठाम मत आहे की माणसानं प्रवासात रस्ता चुकावा. मुद्दाम चुकावा. अनोळखी माणसांशी बोलावं, ती जेवतात ते जेवावं, त्यांच्या घरात चप्पल काढून बसावं, आणि जिथे आपल्याला काहीच कळत नाही अशा ठिकाणी थोडा वेळ तरी उभं राहावं. त्यानं म्हणे माणूस आतून श्रीमंत होतो. ती पुण्याची. बोलते गोड, हळू, मला 'अहो आई' म्हणते आणि फोनवर एकेक व्हिडिओ पाठवत राहते. कोणी डोंगरातल्या चुलीपुढे बसून भाकरी थापतंय, कोणी नावेत बसून कोळ्यांचं गाणं शिकतंय. मी ते पाहते आणि मनात म्हणते, बाप्पा, आमच्याकडे रस्ता चुकला की शिव्या पडतात. आणि चुलीचं म्हणाल तर घरी गॅस आला त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले होते.

पण ती हे सगळं का सांगते आहे ते मला कळत होतं. आमचे हे गेल्यापासून यवतमाळच्या घरात मी एकटी. मुलाचं म्हणणं होतं की घर विकू आणि आई, तू कायमची पुण्याला ये. घराला गिऱ्हाईकही लागलं होतं. "रविवारी येतो, तेव्हा हो का नाही ते सांगून टाक," असं तो फोनवर म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. एकट्या आईची काळजी वाटणारच. पण माझं असं झालं होतं की सकाळी चहा घेताना वाटायचं, जावं, नातवाजवळ राहावं. दुपारी अंगणातल्या दोरीवर साडी वाळत घालताना वाटायचं, छे, कुठे जायचं. संध्याकाळी परत जावं वाटायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना हो का नाही ते एका शब्दात सांगा म्हणून दटावणारी बाई मी, आणि माझंच उत्तर निघत नव्हतं.

सून म्हणाली, उत्तर द्यायच्या आधी एक दिवस कुठेतरी एकट्या फिरून या, घरात बसून घराबद्दल ठरवता येत नाही. मला राग आला. बरोबर बोललेल्याचा येतो तसा.

म्हटलं, ठीक आहे, वाघ पाहू. आपल्याच जिल्ह्यात टिपेश्वरला वाघ आहेत, मुंबईची माणसं येऊन पाहून जातात, आणि मी साठी ओलांडली तरी वाघ पाहिला तो पाठ्यपुस्तकात. पांढरकवड्याला माझी जुनी सोबतीण राहते, आम्ही एका शाळेत शिकवायचो. तिनं दुपारच्या फेरीला जिप्सीत माझी जागा धरून ठेवली. मी डबा बांधला, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि ऑटोनं स्टँडवर आले.

आता आमच्या स्टँडवर गाडी लागते म्हणजे काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं मूर्खपण तुम्हाला कळायचं नाही. गाडी आत वळते न वळते तोच माणसं तिच्या बाजूनं पळायला लागतात. दारातून चढणं नंतर. आधी खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल, टोपी, दुपट्टा, पिशवी, जे हाताशी असेल ते सीटवर पडलं पाहिजे. ज्याचा रुमाल त्याची जागा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला गाडीभर माणसं बोलतात. आणि या कामात मी पहिल्यापासून पटाईत. खेड्यावरच्या शाळांत जाण्यायेण्यात उमर गेली, गाडी थांबायच्या आत रुमाल आत. त्या दिवशीही पांढरकवड्याची गाडी लागते तिथे एक गाडी वळली, मी मागच्या बाजूनं धावले, चांगली खिडकी हेरली आणि रुमाल टाकला.

चढून पाहते तर माझ्या जागेवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस बसलेला आणि माझा रुमाल पुढच्या दांडीवर लटकवलेला. मी म्हटलं, भाऊ, हा रुमाल माझा. तो म्हणाला, रुमालानं काय होते, मी अगोदर बसलो. झालं. माझ्या अंगातली मास्तरीण जागी झाली. मी त्याला रुमाल म्हणजे काय, रांग म्हणजे काय, बाईमाणूस म्हणजे काय, सगळं पहिल्या धड्यापासून शिकवलं. दोन बायांनी माझी बाजू घेतली, एका म्हाताऱ्यानं त्याची. कंडक्टर दारातून काय ओरडत होता इकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझं तर नव्हतंच. शेवटी तो माणूस उठला आणि बरोबर माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसला. मी खिडकीशी बसले, पदर सारखा केला आणि गाडी निघाली. मला इतकं बरं वाटलं की वाघ नाही दिसला तरी चालेल असं वाटून गेलं.

लोहारा आला तेव्हा मी बाहेर पाहत होते. एमआयडीसीची फाटकं, ट्रक, चहाच्या टपऱ्या. आधी वाटलं, अरे वा, लोहारा. मग वाटलं, लोहारा इथे काय करतोय. पांढरकवड्याच्या रस्त्यावर लोहारा नाही. लोहारा दारव्ह्याच्या रस्त्यावर आहे. तिसरीच्या पोरांकडून मी हा जिल्हा पाठ करून घेत होते, कोणत्या दिशेला कोणता तालुका ते भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून विचारत होते, आणि मी स्वतः पुसदच्या गाडीत खिडकीशी ऐटीत बसले होते. पाटी पाहिलीच नव्हती. पाटी असते गाडीच्या तोंडाला आणि मी धावले होते शेपटाकडून. ज्याची मला जराही गरज नव्हती त्या जागेसाठी मी एका भल्या माणसाचं डोकं खाल्लं होतं.

शहाण्या बाईनं घंटी मारायला सांगून तिथेच उतरायचं. पण उतरणार कशी? मागे तो पांढरा शर्ट. त्याच्या देखत उठून, चुकीच्या गाडीत बसले हो, म्हणायचं? कंडक्टर आला आणि त्यानं विचारलं, कुठं, मावशी. मागचा माणूस कान देऊन ऐकतो आहे हे मला पाठीनं कळत होतं. मी म्हटलं, "दिग्रस." दारव्हा म्हटलं असतं तर लवकर सुटका झाली असती. दिग्रस का निघालं तोंडातून, देव जाणे.

माझ्या शेजारी एक तिशीतली बाई बसली होती. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट, चाकांची बॅग, कानात वायरी. भांडणात ती माझ्या बाजूनं बोलली होती. तिकीट घेतल्यावर माझा चेहरा कसा झाला कोण जाणे, तिनं कानातलं काढलं आणि विचारलं, बीपी हाये काय तुम्हाले. ती नागपूरला एका दवाखान्यात नर्स होती. मी हळूच, मागच्याला ऐकू जाणार नाही असं तिच्या कानात सांगितलं की मला पांढरकवड्याला जायचं होतं. तिनं ओढणीत तोंड खुपसलं आणि दारव्हा येईपर्यंत तिचे खांदे हलत होते. मलाही हसू आलं. सोबतिणीचा फोन आला, तिला सांगितलं तर ती हसली नाही, तिनं मला झापलं.

मग आम्ही डबा उघडला. मेथीच्या पोळ्या आणि चटणी. आमच्याकडे गाडीत दुसरा घास व्हायच्या आत आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारतात आणि उत्तरही मनातच घेतात. तिनं माझं विचारलं, मी सांगितलं. मी तिचं विचारलं, तिनं सांगितलं. ती बंजारा, माहेर दिग्रसच्या पुढे एका तांड्यावर. मी बौद्ध. दोघींनाही जे कळायचं ते कळलं आणि आम्ही दुसरी पोळी घेतली.

त्यानंतर मी त्या बाईला सगळं सांगत सुटले. का, ते आजही सांगता येत नाही. घर, गिऱ्हाईक, मुलगा, रविवार. हे कसे गेले ते. शेजारणीला, बहिणीला, कोणालाही जे सांगितलं नव्हतं ते त्या पंजाबी ड्रेसवालीला सांगितलं, की मुलाकडे गेले तर माझं काय होईल याची भीती नाही, आणि न गेले तर काय होईल याचीही नाही. मला फक्त हे कळत नाहीये की माझं घर म्हणजे आता नेमकं कुठे आहे. तिनं ऐकून घेतलं, सल्ला दिला नाही. दवाखान्यातल्या बायांना रोज ऐकायची सवय असते. दिग्रस आल्यावर म्हणाली, परतीच्या गाडीला वेळ आहे, स्टँडवर बसून काय करता, चला तांड्यावर, चहा घेऊन या, भाऊ मोटरसायकलीनं सोडून देईल.

मी नाही नाही म्हणत ऑटोत बसले. अनोळखी माणसाच्या घरी जाणं, सूनबाईच्या यादीतलं एक पार पडत होतं आणि त्याचाच मला वैताग येत होता. कापसाचा हंगाम, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकलेला, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. ती ऑटोत फोनवर हसत कोणाशी बोलत होती, दवाखान्यातल्या कोणा डॉक्टरीणबाईच्या गमती मला सांगत होती. तांडा दिसेपर्यंत ती हसत होती हे मी मुद्दाम सांगते आहे.

तांड्याच्या तोंडाशी ऑटो थांबला. एका घरातून एक म्हातारी बाहेर आली, घेरदार घागरा, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिच्यामागून अजून दोघीतिघी. माझ्या सोबतच्या बाईनं चाकांची बॅग होती तिथे सोडली, ओढणी डोक्यावरून ओढली आणि धावत जाऊन म्हातारीच्या गळ्यात पडली. आणि दोघी मोठ्यानं रडायला लागल्या. साधं रडणं नाही. सूर लावून, लांब, एकीनं ओढायचं आणि दुसरीनं उचलायचं, मध्ये शब्द. बाकीच्या बाया जवळ आल्या, त्यांनीही एकेकीनं तिला कवटाळलं आणि त्याही रडायला लागल्या. मी ऑटोच्या बाजूला डबा धरून उभी.

अवं माय, इथे तर कोणी गेलं आहे. आणि हिला गाडीत माहीत नव्हतं की काय? बिचारीला न सांगता बोलावून घेतलं असेल. आपल्याकडे तसंच करतात, तब्येत जरा नरम आहे, येऊन जा, म्हणतात. आणि अशा घरी मी चहाला आले. ऑटोवाल्याला थांब म्हणायच्या आत तो वळवून गेलासुद्धा.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत आहे. पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि बायांना मोकळं रडू देऊन पुरुषमाणसांकडे गेले. लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. मी त्याच्यापुढे हात जोडले आणि घटकाभर शांत उभी राहिले. तोही बिडी विझवून शांत बसला. आई रडते आहे म्हणजे गेले ते वडीलच, असं धरून मी विचारलं, बाईचे वडील फार दिवस आजारी होते काय.

तो विचारात पडला. "माह्ये गुडघे दुखतात," तो म्हणाला. "बाकी काई नाई."

मला काही समजेना. मी मागे वळून पाहिलं. रडणं थांबलं होतं. बाईनं ओढणीनं डोळे पुसले होते आणि ती एका वहिनीच्या लेकराला हवेत उडवत हसत होती. म्हातारी चुलीकडे कोणाला तरी चहाचं सांगत होती. जसं काही झालंच नाही. म्हाताऱ्यानं मोठ्यानं मुलीला हाक मारून विचारलं की या बाई कोण आणि माह्यी तब्येत काहून विचारून राह्यल्या. मग सगळा तांडा माझ्यावर हसला. मी मेलेल्याच्या घरी आल्यासारखी पदर घेऊन उभी, आणि मेलेला समोर बाजेवर.

बाईनं मला खाटेवर बसवलं आणि समजावलं. त्यांच्यात पुष्कळ दिवसांनी बाया भेटल्या की अशाच रडून भेटतात. रडता रडताच एकमेकींना सांगायचं ते सांगतात, कोणाचं लग्न झालं, कोण वारलं, कोणाचं काय दुखतंय, तू किती दिवस आली नाहीस, आम्ही किती वाट पाहिली. ती गेल्या दोन होळ्यांना येऊ शकली नव्हती, म्हणून आज जास्त. आता नव्या पोरी लाजतात, असं करत नाहीत, ती म्हणाली. तिलाही नागपूरला कोणी पाहिलं तर लाज वाटेल. पण याडी समोर आली की आपोआप होते. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मी मान हलवली, पण खरं सांगू, मला ते पटलं नाही. रडू असं नळासारखं कसं बंद होतं? खरं रडू मी पाहिलं आहे, ते आलं की जात नाही. हे मला जरा नाटकी वाटलं. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की म्हातारीचे डोळे लाल होते, ओढणी ओली होती. नाटकात ओढणी ओली होत नाही. मग हे काय होतं? खरं होतं तर थांबलं कसं, आणि खोटं होतं तर माझी नजर त्या ओल्या ओढणीवरून हलत का नव्हती? चहा आला, काळा, खूप गोड. तो कपात तसाच राहिला.

तेवढ्यात मुलीनं आईला त्यांच्या बोलीत माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. माझ्याकडे पाहत, बराच वेळ. गाडीतला रुमाल सांगत असेल असं मला वाटलं, कारण मध्ये वहिनी हसली. मग हसणं थांबलं. म्हातारी उठली, माझ्यासमोर आली, माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली. आणि सूर लावला.

मी ताठ. हात कुठे ठेवायचे ते कळेना. मला मिठ्यांची सवय नाही, आमच्या पिढीत कोणाला होती. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि तेलाचा वास येत होता, बांगड्या माझ्या पाठीत रुतत होत्या. ती गात होती का रडत होती का बोलत होती, एक शब्द कळत नव्हता. मी तिच्या खांद्यावरून मुलीकडे पाहिलं. ती बाजूला बसून मला सांगत गेली, एकेक तुकडा. म्हणते, तुझा माणूस गेला. म्हणते, तू एवढ्या लांबून एकटी आलीस, रस्त्यात तुला पाणी कोणी दिलं. म्हणते, तुझी याडी असती तर धावत आली असती.

इथे मला एक सांगायचं आहे. हे गेले तेव्हा आमच्याकडे सगळं कसं शिस्तीत झालं. विहारातून भन्ते आले, त्रिशरण-पंचशील झालं, माणसं ओळीनं शांत बसली. मला ते पटत होतं, आजही पटतं, छाती बडवण्यात काय अर्थ आहे. मुलगा पुण्याहून आला तो सरळ कामाला लागला, दाखले, मंडप, पाहुण्यांच्या सोयी. सगळे मला म्हणाले, तुम्ही मास्तरीणबाई, तुम्हीच धीर सोडला तर मुलानं कोणाकडे पाहायचं. मुलाला म्हणाले, तूच खचलास तर आईनं कोणाकडे पाहायचं. म्हणून मी त्याच्यासमोर रडले नाही आणि तो माझ्यासमोर रडला नाही. दोघांचं फार कौतुक झालं.

आणि आता दिग्रसच्या पुढे एका तांड्यावर, जिची बोली मला येत नाही अशा बाईच्या गळ्यात मी रडत होते. लाज सोडून. नाक वाहत होतं. मी तिला यवतमाळच्या आमच्या भाषेत काय काय सांगत होते, तिला ते कळत होतं की नाही कोण जाणे. शेवटी ती मागे झाली, तिनं माझं तोंड तिच्या ओढणीनं पुसलं आणि मुलीला काहीतरी विचारायला सांगितलं. मुलगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "याडी विचारते, तुमच्याकडे कोणी आलं की तुम्ही कशा भेटता?"

मी म्हटलं, आम्ही, आले का, बसा, पाणी घ्या, असं म्हणतो. म्हातारीनं ऐकलं आणि मान हलवली. तिला ते अपुरं वाटलं असावं. मला मात्र खरंच थांबल्याचं जाणवलं. रडू थांबलं होतं. म्हणजे थांबतं तर. मी गार झालेला चहा पिऊन टाकला.

भावानं मोटरसायकलीनं स्टँडवर सोडलं. परतीच्या गाडीत मी रुमाल टाकला नाही, दारव्ह्यापर्यंत उभी आले. डोकं हलकं झालं होतं आणि आतला गोंधळ मात्र दुप्पट. सून म्हणाली होती, फिरल्यावर उत्तर मिळेल. मला तर मी काय पाहून आले तेच धड सांगता येत नव्हतं. तिनं फोनवर विचारलं, कसा होता अनुभव. मी म्हटलं, वाघ दिसला नाही.

पुढचे दिवस मी हिशेबानं विचार केला. एकटेपण आहे, वय वाढतंय, गुडघे माझेही दुखतात. नातू आहे, सून चांगली आहे. त्या म्हातारीसारखं भरलेलं अंगण माझ्याकडे नाही. मग कशाला धरून बसायचं? शनिवारी दुपारी मी पक्कं केलं. हो म्हणायचं. मुलाला आवडते म्हणून पातोडीची भाजी करायचं ठरवलं, डाळीचं पीठ काढून ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. मुलगा ट्रॅव्हल्सनं आला होता. पाठीवर बॅग, केस विस्कटलेले, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं फाटकाची कडी लावत होता. दर वेळी असाच येतो. मी दर वेळी म्हणते, आला का, हातपाय धू, चहा ठेवते. त्या दिवशीही तेच म्हणायला मी तोंड उघडलं. त्यानं कडी लावून वर पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला अगदी यांच्यासारख्या दोन आठ्या पडल्या होत्या. मी पायरी उतरले आणि त्याच्या गळ्यात पडले.

मला तो सूर येत नाही. मी आपली वऱ्हाडीत भोकाड पसरून रडले. आला रे माह्या बाप्पा, किती दिवसांनी आला, तुह्या बाबानं शेवटपर्यंत दाराकडं पाह्यलं रे, मी कोणाले सांगू. असंच काहीबाही. तो घाबरला. "आई, काय झालं? कोण गेलं?" असं पुण्याच्या भाषेत विचारत राहिला. शेजारीणबाई हातातली पोळी तशीच घेऊन कुंपणापर्यंत धावत आल्या. मी रडत रडतच त्यांना हातानं सांगितलं की काही नाही, कोणी गेलं नाही, मुलगा आला. त्या आ वासून उभ्या राहिल्या.

आधी तो ताठ होता. मग त्याची बॅग खांद्यावरून घसरून खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, चांगला उंच माणूस वाकून, आणि तो रडायला लागला. बाबा, म्हणाला. एवढंच. मंडप आणि दाखले करताना जे राहून गेलं होतं ते सगळं तो आमच्या अंगणात उभ्यानं रडला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आणि मग ते थांबलं, तांड्यावर थांबलं होतं तसं. शेजारीणबाई पदरानं डोळे पुसत घरात गेल्या.

आम्ही पायरीवर बसलो. तो बूट काढायला लागला आणि न पाहता त्यानं विचारलं, मग आई, काय ठरवलं. मी हो म्हणायलाच बसले होते. शब्द तोंडात तयार होता. पण बाहेर आलं ते दुसरंच.

"मी तिकडे आली तं तू येशील कुठं?"

तो एका पायातला बूट हातात धरून बसला. मीही बसले. बरोबर बोलले का चूक, मला त्या क्षणी कळत नव्हतं. आजही रोज नीट कळतं असं नाही. गिऱ्हाईकाला काय सांगायचं, माझ्या गुडघ्यांचं काय, हे त्यानं विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही. त्यानं बूट पायरीखाली ठेवला, आणि शाळेत होता तेव्हा जसा बोलायचा तसा बोलला.

"मी पुढच्या महिन्यात आलो, तं अशीच रडशील काय?"

म्हटलं, येऊन तं पाहा.